चाचणगावचे म्हातारे

'ओसरी'ला दुकान हवं असं ज्या बैठकीत ठरलं, तिच्यात मी कॅमेरा बंद करून गवार निवडत बसले होते. दोन तासांत बत्तीस माणसं बोलली. त्या बोलण्यातून कुणाच्या हाती काही लागलं असेल तर ते माझ्याच. माझी अर्धा किलो गवार निवडून झाली.

'ओसरी' म्हणजे वेबसाइट उभारायचा सांगाडा. कुणीही तो फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा आणि बदल चांगला जमला तर सगळ्यांना परत द्यावा. पंचवीस वर्षांपूर्वी कराडच्या एका तंत्रनिकेतनात विश्राम लोखंडे सरांनी तो सुरू केला आणि त्यांच्या वर्गातली मी, केतकी शिरसाट, पहिल्या दिवसापासून त्याला चिकटले. आज २०४१ साली सहा लाख वेबसाइट त्याच्यावर चालतात. ग्रामपंचायती आहेत, शाळा आहेत, दवाखाने, मंगल कार्यालयं, घोंगड्या विकणारेही आहेत. सांगाड्याला जे हवं ते जोडायला प्लगिन असतात. ती प्लगिन इतकी वर्षं कुठंही पडलेली असायची आणि ज्याला गरज असेल तो शोधून घ्यायचा. त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

मग निहार गुजर आला. वय चौतीस, मुक्काम बाणेर, आणि बोलणं असं की दर तिसऱ्या वाक्यात 'इकोसिस्टिम'. सगळी प्लगिन एका फळीवर मांडायची, लोकांनी तारे द्यायचे, एका बटणात बसवून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. दुकानाचं नाव ठरवायला सात आठवडे लागले. तीनशे चौदा पत्रं लिहिली गेली आणि निघालं काय, तर 'पेठ'.

पेठेत पहिल्या महिन्यात काय आलं ते सांगते. दिवाळीत पानावर झेंडूच्या पाकळ्या गाळणारी एक्केचाळीस प्लगिन आली. कर्सरच्या जागी मोदक दाखवणारं एक आलं. 'जळगावच्या कुणीतरी आत्ताच ही साडी घेतली' असं दर वीस सेकंदांनी खोटं बोलणारी नऊ आली, आणि त्यातल्या एकाला साडेचार तारे मिळाले. हे सगळं बघून निहारने यादीवर लिहिलं की आपला समाज सर्जनशील आहे. यादी म्हणजे आमचं सामायिक टपाल. तिथं एक ओळ लिहिली की चारशे सभासदांच्या डोक्याला ताप.

माझं स्वतःचं प्लगिन एकच, 'रांग'. रुग्णालयाच्या वेबसाइटवर नंबर लावायचं. सतरा वर्षं मी ते एकटीने सांभाळलं. नऊ रकान्यांचा फॉर्म, चार मिनिटांचं घड्याळ. चार मिनिटांत फॉर्म पुरा झाला नाही तर भरलेलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे मी उगीच केलेलं नव्हतं. एजंट लोक वीस-वीस नंबर अडवून बसायचे आणि गरजूंना विकायचे, त्यांचा बंदोबस्त घड्याळाने झाला. सायबर कॅफेत अर्धवट सोडलेला फॉर्म मागचा माणूस वाचायचा, त्याचा बंदोबस्त पुसण्याने झाला. या वर्षी आमच्या गावातल्या डोळ्यांच्या रुग्णालयानेही 'रांग' बसवली. ते नऊशेवं. तोवर तिथली परिचारिका पुढची तारीख कार्डावर हाताने लिहून द्यायची. ते बंद झालं याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला.

लोखंडे सर त्याच रुग्णालयात जात. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. उजव्याच्या पडद्यामागे पाणी धरायचं आणि ते उतरवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं की इंजेक्शन चुकलं तर पाण्याच्या जागी वण धरेल आणि वणावर औषध नाही. सर हे मला हसत हसत सांगायचे. बायको गेल्यापासून मलकापूरला एकटेच राहायचे, मुलगी कोइमतूरला, आणि वाचता येणं हेच त्यांचं सगळं जगणं होतं.

आता ज्याच्यावरून हे सगळं झालं ते यंत्र.

पूर्वी प्लगिन तपासायचं म्हणजे कुणीतरी त्याचा कोड ओळ न् ओळ वाचायचा. पण कोड वाचून त्यात चोर लपलाय का एवढंच कळतं. माणसांच्या हातात पडल्यावर त्याचं काय होईल, ते कळत नाही. निहारच्या मंडळींनी काढलेला तोडगा मी नाक मुरडत वाचला, पण तो थोतांड नव्हता. सव्वा लाख लोकांनी चार वर्षं आपल्या फोनवरच्या बोटांच्या हालचाली आपणहून नोंदू दिल्या होत्या. बोट किती थरथरतं, अक्षर दिसलं नाही की किती वेळ घुटमळतं, चुकीचं बटण दाबलं की माणूस मागे येतो की फोन बाजूला ठेवतो, असं सगळं. त्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राने दोन लाख नकली माणसं घडवली. प्रत्येकाला वय दिलं, नजर दिली, स्वस्त किंवा महाग फोन, धड किंवा फुटकं नेटवर्क, घाई आणि स्वभाव दिला. त्या वस्तीचं नाव चाचणगाव.

नवं प्लगिन आलं की ते चाचणगावात सोडायचं. अकरा मिनिटांत तिथलं एक वर्ष उलटतं. कोण कुठं अडलं, कोण फसलं, कुणी कंटाळून नाद सोडला, याचा अहवाल तयार होतो. बरं, यंत्र नुसती चूक दाखवून थांबत नाही. दुरुस्ती स्वतः लिहितं आणि यादीवर प्रस्ताव टाकतं. मोदकाचा कर्सर या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाला. त्याने कुणाचंच काही बिघडत नाही, असं यंत्राचं म्हणणं. माझं डोकं सोडून.

जून महिन्यात 'रांग' चाचणगावात गेली. अहवाल चाळीस पानांचा होता आणि वर ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: साठीच्या पुढचे शंभरातले एकतीस रहिवासी नंबर न लावताच परत गेले. दुरुस्ती अशी सुचवली होती की माणूस ज्या गतीने लिहितो त्या गतीने घड्याळ लांबवावं, भरलेलं पुसू नये, आणि एका फोनवरून एका वेळी एकच नंबर अडवू द्यावा. एजंटांचा सुळसुळाट शेकडा दोनने वाढेल, परत जाणारे म्हातारे एकतिसाचे चार होतील.

मी निष्कर्ष वाचला आणि अहवाल मिटला. कालचं पोर एक यंत्र बसवतं आणि ते यंत्र सतरा वर्षं नऊशे रुग्णालयं चालवलेल्या बाईला शिकवतं. तेही कुणाच्या जिवावर, तर जन्माला न आलेल्या म्हाताऱ्यांच्या.

आमच्याकडे रिवाज असा, की कुणी बदल सुचवला आणि बहात्तर तासांत कुणी हरकत घेतली नाही, तर तो मान्य. हरकत घ्यायची तर 'वजा एक' लिहायचं, कारण द्यायचं आणि जुन्या सभासदांपैकी आणखी एकाचं अनुमोदन मिळवायचं. मग तो बदल नव्वद दिवस पुन्हा आणता येत नाही. अनुमोदकाने मूळ प्रस्ताव स्वतः वाचलेला असावा, असा नियम आहे आणि तो सरांनीच लिहिलेला आहे. माझ्या नावावर एकशे अठ्ठ्याहत्तर वजा एक जमा आहेत. बहुतेकांना अनुमोदन सरांचं.

एकशे एकोणऐंशीवा मी तीन शब्दांत लिहिला: 'बाहुल्यांना म्हातारपण नसतं.' सरांचं अनुमोदन अकराव्या मिनिटाला आलं. यादीवर हशा झाला. पुढच्या संमेलनात कुणीतरी त्या वाक्याचे स्टिकर छापून वाटले आणि मी दोन आणून फ्रिजवर लावले.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले की या महिन्याच्या इंजेक्शनची तारीख अजून मिळालेली नाही, वेबसाइटवरून घ्यायची आहे. मी म्हटलं, मग घ्या की. ते म्हणाले, हो, घेतो. मग मी चाचणगावावर घसरले. अहवालातल्या त्या एकतिसांवर माझा दात होता.

"सर, चार मिनिटांत नऊ रकाने भरता येत नसतील तर माणसानं फोन विकून टाकावा आणि घरी पोथी वाचत बसावं."

सर हसले. जरा जास्त वेळ हसले असं मला आता वाटतं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

जुलै-ऑगस्ट माझे भांडण्यात गेले. पेठेत 'रांग'च्या नावाखाली एक पिवळी पट्टी आली होती, 'चाचणगावात शंभरातले एकतीस ज्येष्ठ परतले' अशी. वर मोदकवाल्याला हिरवी पट्टी, मला पिवळी. मी निहारला रोज एक पत्र लिहायचे आणि तो रोज गोड उत्तर द्यायचा. आधी 'ताई' म्हणायचा, मग 'मॅम' म्हणू लागला, म्हणजे मी म्हातारी झाले असावे. तो म्हणायचा की अहवालाचं एकोणिसावं पान तरी बघा. मी म्हणायचे, आधी तुझ्या साडीवाल्या खोटारड्यांना हाकल. सरांना दोनदा फोन केला तर दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. तारीख मिळाली का म्हणून एकदा विचारलंही मी. बघतोय, म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. मला पट्टीबद्दल बोलायचं होतं.

सप्टेंबरमध्ये नव्वद दिवस भरले आणि यंत्राने तोच प्रस्ताव जसाच्या तसा पुन्हा यादीवर टाकला. यंत्राला लाज नसते. या खेपेला मी ठरवलं की एका वाक्यावर भागवायचं नाही, पुरावा द्यायचा. 'रांग' कुणाची नावं ठेवत नाही, पण प्रत्येक फोनला एक आकडा देते आणि त्या फोनवरून किती वेळा प्रयत्न झाला ते मोजते. मी नऊशे रुग्णालयांच्या मोजण्या उपसल्या आणि दोन दिवसांत मला हवं ते सापडलं. आमच्याच गावच्या डोळ्यांच्या रुग्णालयात एका फोनवरून तीन महिन्यांत त्रेचाळीस प्रयत्न झाले होते. सगळे सकाळी सात ते आठच्या दरम्यान, नंबर खुले होतात तेव्हा. प्रत्येक वेळी सहाव्या नाही तर सातव्या रकान्यात घड्याळ संपलेलं.

एजंट. ठरलेली वेळ, ठरलेली चिकाटी. मी आनंदाने खुर्चीतून उठले.

यादीवर मी दीड पान लिहिलं. बघा, म्हटलं, हा खरा माणूस, तुमच्या गावातला बाहुला नव्हे. त्रेचाळीस वेळा या भामट्याने नंबर हडपायचा प्रयत्न केला आणि त्रेचाळीस वेळा माझ्या चार मिनिटांनी त्याला हुसकून लावलं. घड्याळ लांबवलं असतं तर कुणातरी गरीब पेशंटचं इंजेक्शन या नालायकाने विकून खाल्लं असतं. खाली लिहिलं, वजा एक. तासाभरात वीसेक लोकांनी शाबासकी दिली. दोघांनी त्या फोनवर कायमची बंदी घाला असंही सुचवलं आणि मी ते मान्य केलं.

सरांचं अनुमोदन मात्र अकरा मिनिटांत आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि मलकापूर गाठलं. साडेसात वाजले होते. दार उघडंच होतं. सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर फोन उभा केलेला, अक्षरं एवढी मोठी की एका पानावर चार शब्द मावत होते. मान डावीकडे वळवून ते कडेच्या नजरेने बघत होते, कोंबडी बघते तशी. मी आत आलेलं त्यांना कळलं नाही.

मी हाक मारली. त्यांनी माझ्या आवाजाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

चहा मीच केला. तोवर ते म्हणाले की तुझी दीड पानं फोनकडून वाचून घेतली, फार छान लिहिलंस, मुद्दा पक्का मांडलास. मग सही का नाही केलीत, मी विचारलं. फोनकडून पत्र वाचून घेता येतं, म्हणाले, पण रांगेचा फॉर्म तो वाचत नाही, एजंटांची यंत्रं वापरतील म्हणून तूच ते बंद केलं आहेस. हेही त्यांनी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. मला अजूनही कळलं नव्हतं. इतका अभ्यास केलेली बाई आणि अजूनही कळलं नव्हतं.

"केतकी," सर म्हणाले, "तो एजंट मी आहे."

मी कप खाली ठेवला.

ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. जूनचं इंजेक्शन चुकलं, मग जुलैचं, मग ऑगस्टचं. एकदा रुग्णालयात प्रत्यक्ष गेले तर खिडकीवरची मुलगी आदबीने म्हणाली, काका, सगळं वेबसाइटवरच आहे. सर तिला म्हणाले की ठाऊक आहे, ते माझ्याच विद्यार्थिनीने केलंय. एवढं बोलल्यावर मदत कशी मागणार. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटली, जन्मभर कॉम्प्युटर शिकवून एक फॉर्म भरता येत नाही म्हणून. मुलीला सांगितलं तर ती कोइमतूरला उचलून नेईल. आणि मला का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. पोथीचं वाक्य माझं मला पाठ होतं.

जुन्या अनुमोदनाचं मी विचारलं. जूनमध्येच त्यांना चाळीस पानं वाचवत नव्हती. खरं तर वर्षभर त्यांनी एकही प्रस्ताव वाचलेला नव्हता. पत्रावर माझं नाव दिसलं की हिरवं बटण दाबायचं, एवढंच चाललेलं होतं. सहीला दोन माणसं हवीत हा आमचा रिवाज आम्ही परदेशातल्या परिषदांत मिरवला आहे. त्या दोन माणसांतलं एक बघू शकत नव्हतं आणि दुसरं बघत नव्हतं. अख्ख्या 'ओसरी'त तो अहवाल कुणी नीट वाचला असेल तर निहार गुजरने, आणि हे लिहिताना मला काय वाटतं ते मी इथं लिहीत नाही.

त्यांचा नंबर मी माझ्या फोनवरून लावला. दीड मिनिट लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सरांना न सांगता मला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, त्यांच्यासमोरच सांगा. मधोमध वण धरला होता. इंजेक्शनं पुढे चालू ठेवायची, म्हणजे कडेची नजर राहील, दारं-खिडक्या कळतील, माणूस आलेलं कळेल. वाचता येणार नाही. सरांनी मान हलवली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

मी गाडीतूनच यादीवर लिहिलं. हरकत मागे घेण्यालाही कारण द्यावं लागतं. 'तो एजंट नव्हता, पेशंट होता. अहवाल मी वाचला नव्हता,' असं लिहिलं. ज्यांनी शाबासकी दिली होती त्यांतल्या कुणीच उत्तर दिलं नाही. एकाने रडका चेहरा टाकला. निहारने फोन केला आणि पहिल्यांदाच 'इकोसिस्टिम' न म्हणता बोलला. म्हणाला, संध्याकाळच्या आत सगळ्या रुग्णालयांत बदल बसेल, मॅम. मी बरं म्हटलं. त्याचा तिरस्कार करायची मला सवय होती आणि त्या दिवशी ती कामाला येईना. सगळा तिरस्कार घरीच लागत होता.

दुपारी सरांना घरी सोडलं. ते म्हणाले, थांब जरा, तो अहवाल वाचून दाखव. अनुमोदन दिलंय तर कशावर दिलंय ते ऐकायला हवं. मी म्हटलं, फोन वाचेल की. नको, म्हणाले, तू वाच.

म्हणून मी वाचायला बसले. चाळीस पानं. सर मध्ये मध्ये थांबवायचे, कोष्टकातला आकडा पुन्हा सांगायला लावायचे, एके ठिकाणी बेरीज चुकली आहे म्हणाले, आणि खरंच चुकली होती. एकोणिसाव्या पानावर काही रहिवाशांची उदाहरणं होती. मी तिथं थांबले. वाच, म्हणाले.

रहिवासी क्रमांक एक लाख नऊ हजार सात. पुरुष, वय सदुसष्ट, एकटा राहतो. एका डोळ्याने अंधूक दिसतं. शिक्षण चांगलं, स्वभाव चिकाटीचा. रोज सकाळी प्रयत्न करतो. सहाव्या किंवा सातव्या रकान्यात वेळ संपते. सतराव्या प्रयत्नानंतर नाद सोडतो आणि दुसऱ्या गावच्या रुग्णालयात नाव नोंदवतो.

"सतराव्या वेळी गेला?" सरांनी विचारलं.

"हो."

ते थोडा वेळ टेबलावरचा चष्मा चाचपत बसले. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी तो तिथं होता.

"शहाणा म्हणायचा. त्या यंत्राला माझं गणित जमलेलं नाही बघ. मी त्रेचाळीस वेळा केलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, फॉर्म केतकीचा आहे, म्हणजे चूक माझीच असणार."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली, म्हणजे मी त्यांना कडेने दिसेन, आणि पुढचं पान घे म्हणाले. मी विसावं पान वाचायला घेतलं.